प्रेमलाताईंच्या जिन्यावरची गोणी

मी गोणी बोलते आहे. झाशीत सगळे मला बोरी म्हणतात, पण प्रेमलाताईंच्या घरात अजून मराठी टिकून आहे, म्हणून मी गोणी. दीड वर्ष मी त्यांच्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी बसून होते. येणारा जो तो आधी माझ्यावर टेकायचा, चपलेचा पट्टा सोडायचा, हातातली भाजीची पिशवी माझ्या डोक्यावर ठेवायचा आणि मग तोंड वर करून विचारायचा, "अगं बाई, ही अजून इथेच?"

हो, इथेच! जाणार कुठे? मला पाय नाहीत. ज्यांना पाय होते ते रोज मला ओलांडून जात आणि म्हणत, "बघू, काहीतरी होईल हिचं."

या "काहीतरी होईल"चा मला इतका वीट आला आहे की काय सांगू.

आता मी तिथे नाही. कुठे आहे ते सांगते, पण सगळं ओळीने सांगते. मी दीड वर्ष थांबले, तुम्ही चार पानं थांबा.

खंडेराव गेटाच्या आतल्या गल्लीत प्रेमलाताईंचा छोटा कारखाना आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आठ शिलाई मशिनी, कापायचं एक लांब टेबल आणि नऊ बायका. इथे मऊ खेळणी होतात. अस्वलं, ससे, हत्ती, क्वचित एखादा जिराफ. जिराफाची मान कधी सरळ राहात नाही, म्हणून ताई त्याची ऑर्डर नाखुशीनेच घेतात.

कापायचं काम दुलारीचं. नाव सियादुलारी, बुंदेलखंडी बाई, हात असा की डोळे मिटून ससा कापेल. कापडाचे आठ थर ती एकावर एक अंथरते, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवते, खडूने रेघ ओढते आणि हातातली कापायची मशीन घुर्रकन फिरवते. कान गोल, पोट लांबट, पंजा भोपळ्याच्या फोडीसारखा. असल्या वाकड्यातिकड्या आकारांच्या मधलं जे उरतं, ते टेबलाखाली पडतं. ते उरलेलं म्हणजे मी. वरून गोणपाट, आत मी.

दुकानात लोक अस्वलाला उराशी धरतात, "हाऊ क्यूट" म्हणतात. त्या अस्वलाचा कान जिथून निघाला ते भोक माझ्याकडे आहे, हे एकाच्याही मनात येत नाही. न येवो, माझं काही म्हणणं नाही. पण निदान माझ्यावर बसू तरी नका!

आता प्रेमलाताईंची एक शिस्त सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. मशिनीवर सुई मोडली की कारखाना थांबतो. सगळ्याजणी उठतात, कापड झटकतात, फरशी चाचपतात, लोहचुंबक फिरवतात. मोडलेला तुकडा हाती लागेपर्यंत एक टाका पडत नाही. "लहान मूल अस्वलाचा कान चावतं," ताई म्हणतात, "माझ्या अस्वलात सुई राहिली तर मी तोंड दाखवू कुणाला?" तयार झालेल्या प्रत्येक खेळण्यावरूनही चुंबक फिरतो. फार चांगली शिस्त. मी तिला नावं ठेवत नाही.

पण तुकडा सापडला की ताई सुटकेचा श्वास टाकायच्या आणि म्हणायच्या, "टाक त्या गोणीत."

झालं. अस्वल वाचलं. माझा विचार कोण करतो?

संध्याकाळी एकच झाडू टेबलाखालून निघायचा, मशिनींखालून फिरायचा, आणि कापडाचे तुकडे, दोऱ्यांचे गुंते, लेबलांचे कागद, सगळं एकत्र माझ्या पोटात यायचं. मी भरले तशी दुसरी गोणी आली, मग तिसरी. वर्षभरात आम्ही अकराजणी झालो आणि एकेक पायरी धरून वरपर्यंत जाऊन बसलो. माणसांना जिन्यात आडवं होऊन चढावं लागायचं.

भंगारवाला दोनदा आला. पहिल्यांदा त्याने माझ्यात हात घातला, मूठभर काढून नाकाशी नेलं. "ताईजी, ये कपड़ा भी नहीं, प्लास्टिक भी नहीं। ये है क्या?" दुसऱ्यांदा त्याने हातसुद्धा घातला नाही. गल्लीच्या तोंडावरूनच मान हलवली आणि सायकल वळवली. स्वतः गंजके डबे घेऊन फिरणारा माणूस, आणि मला नाही म्हणतो!

मग वामनराव कामाला लागले. वामनराव म्हणजे ताईंचे यजमान, रेल्वेत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांना दोनच कामं, पेपर वाचणं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बायकोला सुचवणं. "अगं, टाकाऊतून टिकाऊ! हे बघ, एका बाईने काय केलंय." पहिल्यांदा उशा झाल्या. चार उशांत मला ठासून भरलं. मी जड, माझे गोळे होतात, मी एका जागी बसते. हे मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. ताईंचे भाऊ दतियाहून राहायला आले, एका उशीवर झोपले आणि दोन दिवस मान वाकडी करून हिंडले. जाताना म्हणाले, "प्रेमला, उशी छान आहे हो. पाटा-वरवंटा कुठे ठेवतेस?"

मग पायपुसणी झाली. ती गल्लीतल्या कुत्र्यांना फार आवडली. त्यांना वाटलं, आपलाच कुणी नातेवाईक दारात पडलाय.

मग आली संक्रांत. झाशीत आता मराठी घरं मोजकीच, त्यामुळे हळदीकुंकवाला सगळ्याजणी येतात. आणि वाणाला काय द्यावं यावरून आतल्या आत स्पर्धाही असते, कुणी मान्य करो न करो. ताईंनी या वर्षी माझ्यातून भांडी उचलायची फडकी शिवली, अस्वलाच्या पंजाच्या आकाराची, तपकिरी, केसाळ. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू! बायका हरखल्या. "अय्या, किती गोड!" "प्रेमलाताई, तुमचे हात म्हणजे ना!"

अहो, ज्या बाईने आयुष्यभर हे कापड हाताळलं तिला ठाऊक नाही का हे प्लास्टिकच्या धाग्याचं आहे? ठाऊक होतं. पण वाणाच्या भरात विसरली. नऊजणींपैकी आठजणी विसरल्या. दुलारी एकटी बोलली, "जिज्जी, जो तो पिघल जैहे," आणि तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण वामनराव तेव्हा फोटो काढत होते.

तिसऱ्या दिवशी समोरच्या राधाबाई दुधाचं पातेलं घेऊनच जिन्यात उभ्या राहिल्या. राधाबाईंचं वय सत्तरीचं, आवाज विशीतला.

"प्रेमले! तुझं अस्वल माझ्या पातेल्याला चिकटलंय."

"अहो काकू, असं कसं..."

"असं कसं म्हणजे? ओढ बघू. निघतंय? माझ्या तर्जनीचं कातडं गेलं असतं. वाण दिलंस की वैर?"

ताईंचा चेहरा उतरला. मग कळलं की बाकीच्या घरांतही हेच झालं होतं. कुणाची कढई, कुणाचा तवा. पण बाकीच्या भिडेखातर गप्प होत्या. मला तर वाटतं त्या भिडेचाही एक कारखाना असावा आणि तिचीही कुठेतरी गोणी भरलेली असावी.

वाणाच्या फजितीनंतर वामनरावांनी ठरवलं, एकदाची कटकटच संपवू. ताई बाजारात गेल्या असताना भरदुपारी त्यांनी आमच्यातली एक, सगळ्यात वरच्या पायरीवरची, मागच्या अंगणात नेली आणि काडी लावली. प्लास्टिक कसं जळतं पाहिलंय तुम्ही? जळत नाही, रडतं. काळे थेंब टपटप गळतात. धूर असा उठला की तीन घरांतली वाळत घातलेली धुणी काळी झाली. शेजारच्या घरातलं दम्याचं पोर खोकून खोकून निळं पडलं, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. पोर बरं झालं, पण त्याच्या आईने ताईंकडे जे पाहिलं ते मी जिन्यावरून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा, माणूस आला. भला माणूस होता, ओरडला नाही. जिना पाहिला, आम्हा दहाजणींना पाहिलं, पायऱ्यांच्या मधोमध हात ठेवून वाट किती उरली ते मापलं.

"माताजी, ऊपर नौ औरतें हों और नीचे आग लग जाए तो निकलेंगी किधर से?"

ताईंनी वळून वर मशिनींकडे पाहिलं.

"दस दिन। जीना खाली, और जलाना बिल्कुल नहीं। नहीं तो मुझे ताला लगाना पड़ेगा।"

तो गेल्यावर मशिनी बंदच राहिल्या. नऊजणी एकमेकींकडे बघत बसल्या. दुलारीचा नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या कात्रीवर चालतं. बाकीच्यांचीही कमीजास्त तीच गत. टाळं लागलं तर त्यांनी जायचं कुठे? आणि हे सगळं माझ्यामुळे. म्हणजे माझ्यामुळे म्हणतात. मी काय स्वतःहून भरले?

वामनराव खाली मान घालून म्हणाले, "एक टेम्पो बोलावतो. पहूजच्या काठी कुणी बघत नाही. ओतून येऊ."

"नदीत?" ताई म्हणाल्या.

"नदीत नाही गं, काठावर."

"आणि पाऊस आल्यावर काठ कुठे जातो?"

वामनरावांनी मोबाइल खिशात घातला. मला त्या दिवशी प्रथमच ताईंचा अभिमान वाटला. एका वीटभट्टीवाल्याचाही निरोप आला, द्या सगळ्या, भट्टीत घालतो. ताईंनी त्यालाही नाही म्हटलं. तोच धूर दुसऱ्या गावावर सोडायचा, एवढंच ना? पण नाही नाही म्हणत चार दिवस गेले.

ताईंची मुलगी देविका. तिला मराठी सगळी समजते, पण बोलताना हिंदीच येते. ती स्कूटरवरून शहरभर फिरली. गादीवाला म्हणाला, बहोत भारी है, बैठ जाएगा. रजईवाला तेच म्हणाला. भारी, भारी, भारी! जिथे जाऊ तिथे माझ्या वजनाची निंदा. मी काय लग्नाला उभी होते?

पाचव्या दिवशी ती सीपरी बाजारातून आली ती एका माणसाला घेऊनच. उंच, कान मोडलेले, पांढरी मिशी. जयसिंग नाव. फौजेतून सुटलेले, आता मुलींना बॉक्सिंग शिकवतात. घराणं जुनं मराठा, पूर्वज इथे फौजेबरोबर आलेले.

"आई, ये कोच साहब हैं। इनकी पंचिंग बॅग में रेत भरी है।"

"वाळू खाली बसते, वहिनी," जयसिंग म्हणाले, मराठी जरा अडखळत. "खालून दगड होतो बॅगेचा. मुलींची मनगटं दुखावतात. कापूस भरला तर पोकळ, मारल्याचं समाधान नाही. मला पाहिजे जड, पण मऊ. आणि जिथे भरलं तिथेच राहणारं."

असं म्हणून त्यांनी मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, उचललं आणि हसले.

"वा! काय वजन आहे!"

काय सांगू तुम्हाला! दीड वर्षात कुणी माझ्या वजनाला वा म्हटलं नव्हतं. मी तर तेवढ्यावरच टेम्पोत चढायला तयार होते.

त्या दिवशी त्यांनी फक्त मला नेलं, एक बॅग भरून बघायला. घरात जिलबी आणली गेली. वामनराव म्हणाले, "मी म्हणत होतो ना, काहीतरी होईल." आणि ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी जिलबी अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग मला परत घेऊन आले.

त्यांनी मला पायरीशी ठेवलं आणि उजवा तळहात पुढे केला. अंगठ्याखाली रक्ताचा ठिपका. दुसऱ्या हातात सुईचं टोक, नखाएवढं.

"मी हाताने दाबत होतो भरताना. तीन निघाल्या. वहिनी, मला लागलं, त्याचं काही नाही. पण माझ्याकडे बारा वर्षांच्या मुली आहेत. त्यांच्या मुठीत शिरली तर?"

ताई जिन्यातच बसल्या. माझ्यावर नाही, पायरीवर. अस्वलं वाचवायला ज्या बाईने हजार वेळा कारखाना थांबवला, तिनेच प्रत्येक सुई मोजून माझ्यात टाकली होती. तिला ते एका क्षणात कळलं. मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं!

"मीच म्हणायचे," ताई हळूच म्हणाल्या. "टाक गोणीत. मीच."

तेव्हा दुलारी पुढे आली. तिने माझं तोंड सोडलं, हात घातला नाही, नुसतं डोळ्यांनी चाळलं.

"काए जिज्जी, कटाई की मेज पे सुई कहाँ धरी? सुई तो मसीन पे टूटत।"

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

"जा कतरन मोरी मेज की है, साफ। सुई, धागा, कागज, सब मसीन के नीचे को। झाड़ू एक है, तासों सब मिल गओ।"

मी तर हो हो म्हणून ओरडले, पण गोणीचं कोण ऐकतं? माझ्या पोटात दोन वेगळ्या वस्तू होत्या. त्यांना एकाच सुपात भरून दीड वर्ष सगळे विचारत होते, "हिचं काय करावं?" अहो, आधी मी आहे काय ते तर बघा!

चार दिवस उरले होते. आम्हा दहाजणींना गच्चीवर नेलं आणि उलटं केलं. उन्हात मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. तपकिरी, गुलाबी, पांढरी, जिराफाची पिवळी. नऊ बायका, देविका, राधाबाईसुद्धा, "माझं पातेलं वसूल करते आता" म्हणत पदर खोचून बसल्या. अस्वलांवरून फिरणारे तेच चुंबक आता माझ्या मुठीमुठीवरून फिरले, एकदा, दोनदा, तीनदा. वामनरावांना दोरे वेचायला बसवलं. त्यांचा मोबाइल ताईंनी आपल्या कमरेला खोचला होता. खट् करून चुंबकाला टोक चिकटलं की दुलारी ते बशीत टाकायची. चौथ्या दिवशी दुपारी चहाची बशी काठोकाठ भरली होती. ताईंनी ती बशी बराच वेळ हातात धरून ठेवली.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. नुसत्या दोऱ्या-कागदांच्या दोन गोण्या उरल्याच. त्यांचं काय करायचं ते अजून कुणाला माहीत नाही, त्या मागच्या शेडमध्ये बसल्या आहेत, मी निघाले तेव्हा माझ्याकडे ओळखीच्या नजरेने बघत होत्या. पण जिना रिकामा झाला. जयसिंगांनी चार बॅगांचं सामान नेलं, छावणीजवळच्या आणखी एका आखाड्याने उरलेलं मागितलं. दहाव्या दिवशी निगमचा माणूस आला, वरपर्यंत चढून गेला, दोन्ही हात पसरून खाली आला.

"इतना आसान था, तो डेढ़ साल क्यों लगा?"

वामनराव घसा खाकरून म्हणाले, "जी, वो... विचार चालू था।"

आता कारखान्यात दोन झाडू आहेत, दोन सुपं आहेत. मोडलेल्या सुयांसाठी झाकणाची बरणी आहे. टेबलाच्या पायाला माझं जुनं गोणपाट टांगलं आहे, त्यावर देविकाने मराठीत लिहिलंय, "फक्त कापायच्या टेबलाचं. दुसरं काही टाकाल तर बघा." परवाच वामनरावांनी त्यात सुपारीची पुडी टाकली. दुलारीने ती काढून त्यांच्या चहात ठेवली.

आणि मी? मी सीपरी बाजारात, एका हॉलच्या छताला साखळीने टांगलेली आहे, काळ्या जाड कातड्यात. रोज तीस-चाळीस मुली मला ठोकतात. खरं सांगू? जिन्यात लोक बसायचे त्यापेक्षा हे बरं. निदान त्या माझ्याकडे बघून मारतात.

तुमच्याकडे कारखाना असेल, दुकान असेल, नुसतं शिवणयंत्र असेल, तर कोपऱ्यात माझी एखादी बहीण बसलेली असणार. तिच्यावरून रोज ओलांडून जाताना "काहीतरी होईल" म्हणू नका. हात जपून, पण एकदा तिचं तोंड सोडा. आत काय काय आहे ते बघा, वेगळं करा, आणि मग चारचौघांना विचारत फिरा. कुणालातरी तिचं तेच हवं असतं जे तुम्हाला नको आहे. माझंच बघा, वजन.

काल प्रेमलाताई मला बघायला आल्या. सोबत देविका. जयसिंगांनी हातमोजे पुढे केले. "वहिनी, मारून बघा."

"अहो, छे! मी काय या वयात..."

"मार ना आई," देविका म्हणाली. चक्क मराठीत.

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. बांगड्या मागे सारल्या, पदर खोचला, मोजे चढवले. मूठ वर आली आणि माझ्या पोटासमोर येऊन थांबली. ती का थांबली ते मला ठाऊक होतं. त्यांना ती बशी दिसत होती.

मारा ताई, जोरात मारा. माझ्यात आता सुई नाही.